चार कसोटी, सदुसष्ट धावा आणि एक क्लब : माधव मंत्री

(माटुंगा इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आज आपण माधव मंत्री या माणसाबद्दल बोलणार आहोत. तुमच्यापैकी जे साठीच्या पुढचे आहेत त्यांनी त्यांना पाहिलं असेल, कदाचित याच परिसरात रस्त्यानं चालताना. जे तरुण आहेत त्यांनी नाव ऐकलं असेल ते बहुतेक एका वाक्यात : "सुनील गावसकरचे मामा." आजच्या तासाभरात मला या वाक्याच्या मागे जायचं आहे. मामा होते हे खरंच, पण ते मामा कसे होते, हे समजलं तर मुंबईचं क्रिकेट कसं घडलं याचा बराचसा उलगडा होतो.

आधी आकडे सांगून टाकतो, कारण क्रिकेटच्या माणसाबद्दल बोलताना श्रोते आकड्यांची वाट बघत असतात. माधव कृष्णाजी मंत्री. जन्म १ सप्टेंबर १९२१, नाशिकला. यष्टिरक्षक आणि सलामीचे फलंदाज. कसोटी सामने चार. कसोटीतल्या धावा सदुसष्ट. सर्वोच्च धावसंख्या ३९. सरासरी दहाच्याही खाली, ९.५७. पहिला कसोटी सामना १९५१ च्या डिसेंबरमध्ये इंग्लंडविरुद्ध, शेवटचा १९५५ च्या जानेवारीत पाकिस्तानविरुद्ध ढाक्याला.

आता मला सांगा, एवढ्याच आकड्यांवर तुम्ही कुणाचं व्याख्यान ऐकायला आला असता का? नसता आला. आणि तरीही भारताच्या दोन कसोटी कर्णधारांच्या घडणीत या माणसाच्या क्लबचा हात आहे. मग आकडे खोटं सांगतात का? नाही. आकडे खरंच सांगतात, पण थोडं सांगतात. खेळाडू म्हणून माणसानं काय केलं ते त्यात दिसतं. त्यानं दुसऱ्यांना काय दिलं, त्यासाठी धावफलकात रकानाच नसतो.

हेडिंग्लेचा तो फलक

आधी खेळाडू म्हणून त्यांचं मोजमाप नीट करू. कुणावर उपकार करून मोठं करायचं नाही, आणि उगाच लहानही करायचं नाही.

१९५२ चा इंग्लंड दौरा. विजय हजारे कर्णधार. लीड्सच्या हेडिंग्ले मैदानावर पहिली कसोटी. भारताचा दुसरा डाव सुरू झाला आणि फलकावर शून्य धावा असतानाच चार गडी बाद झाले. पंकज रॉय, दत्ताजीराव गायकवाड, माधव मंत्री, विजय मांजरेकर. चौघांच्याही नावापुढे भोपळा. चारपैकी तीन बळी फ्रेड ट्रूमन नावाच्या एका तरुण वेगवान गोलंदाजानं घेतले, आणि तो त्याचा पहिलाच कसोटी सामना होता. 'शून्यावर चार' हा फलक पुढे क्रिकेटच्या पुस्तकांमध्ये कायमचा जाऊन बसला. मंत्रींचं नाव त्या फलकावर आहे. त्याच मालिकेत ते पुढे लॉर्ड्सवरही खेळले. त्यानंतर मात्र यष्टीमागची जागा दुसऱ्याकडे गेली.

यात एक गोष्ट लक्षात घ्या. त्या काळात भारताला पक्का यष्टिरक्षक सापडत नव्हता. चार वर्षांत प्रोबीर सेन, नाना जोशी, मंत्री, राजिंदरनाथ, इब्राहिम माका असे एकामागून एक आजमावले गेले. एक सामना, दोन सामने, की बदल. आज आपण म्हणतो की खेळाडूला स्थिरावायला संधी द्या, तसला विचार तेव्हा नव्हता. १९५५ च्या पाकिस्तान दौऱ्यात नरेन ताम्हाणे आले आणि त्यांनी ती जागा काही वर्षं धरून ठेवली. मंत्रींचं कसोटीचं दार तिथे बंद झालं. वय तेहेतीस.

आता दुसरी बाजू. प्रथम श्रेणीचं क्रिकेट ते १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला खेळायला लागले आणि १९६० च्या दशकापर्यंत खेळत राहिले. ९५ सामने, ४४०३ धावा, सात शतकं. त्यातलं एक द्विशतक. ते द्विशतक कुठलं, तर मार्च १९४९ मधला पुण्याचा रणजी उपांत्य सामना, मुंबई विरुद्ध महाराष्ट्र. हा सामना म्हणजे एक अजब प्रकरण आहे. मुंबई ६५१. महाराष्ट्र ४०७. मुंबई पुन्हा आठ बाद ७१४. महाराष्ट्र पुन्हा ६०४. एकूण धावा २३७६! प्रथम श्रेणीच्या एका सामन्यात इतक्या धावा जगात कुठेच झालेल्या नाहीत. नऊ शतकं लागली, आणि त्यात सगळ्यात मोठी खेळी मंत्रींची, बरोबर २००. म्हणजे बॅट धरता येत नव्हती असा माणूस नव्हे हा. पन्नाशीच्या दशकात त्यांच्या नेतृत्वाखाली मुंबईनं तीन वेळा रणजी करंडक जिंकला.

तर खेळाडू म्हणून हिशेब असा : मुंबईसाठी मोठा, भारतासाठी छोटा. इथेच गोष्ट संपली असती तर एक बऱ्यापैकी कारकीर्द म्हणून आपण फाईल बंद केली असती. पण खरी गोष्ट मैदानाच्या दुसऱ्या बाजूला आहे.

प्रशिक्षक म्हणजे कोण?

आज 'कोच' म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? ट्रॅकसूट, गळ्यात शिट्टी, हातात टॅब. शिवाय महिन्याची फी. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी सांघिक खेळांत असा वेगळा माणूस नसायचाच. संघाचा कर्णधारच शिकवायचा. नाहीतर ज्येष्ठ खेळाडू शिकवायचे.

याचं एक उदाहरण जरा लांबचं देतो, ऑस्ट्रेलियातलं. तिथे मेलबर्नमध्ये एक वेगळाच फुटबॉल जन्माला आला, ज्याला आपण ऑस्ट्रेलियन रूल्स म्हणतो. टॉम विल्स नावाच्या क्रिकेटपटूनं १८५८ मध्ये वर्तमानपत्रात पत्र लिहून सुचवलं की हिवाळ्यात क्रिकेटपटूंनी अंग आखडू नये म्हणून फुटबॉलचा क्लब काढावा. पुढच्या वर्षी नियम लिहिले गेले. म्हणूनच तो खेळ आजही क्रिकेटच्या लंबगोल मैदानावर खेळतात. तर या खेळात जॅक वॉरल नावाचा एक माणूस होऊन गेला. फिट्झरॉय क्लबचा फुटबॉलपटू, आणि शिवाय ऑस्ट्रेलियाकडून अकरा कसोटी क्रिकेट सामने खेळलेला. १९०२ मध्ये तो कार्लटन क्लबचा सेक्रेटरी झाला आणि त्यानं संघाची तयारी स्वतःच्या हातात घेतली. त्या खेळातला पहिला खराखुरा प्रशिक्षक म्हणून आज त्याचंच नाव घेतात. १९०६, १९०७, १९०८ अशी सलग तीन विजेतेपदं कार्लटननं मिळवली. त्याचं मुख्य हत्यार काय होतं? शिस्त. सरावाला यायचं म्हणजे यायचं. मैदानाबाहेर कसं वागायचं, दारू किती, यावरही त्याची नजर. तीन विजेतेपदांनंतर त्याच्याच खेळाडूंना ही शिस्त जाचायला लागली आणि १९०९ मध्ये त्याला क्लब सोडावा लागला. तो दुसऱ्या क्लबकडे, एसेंडनकडे गेला, आणि १९११ आणि १९१२ ला तिथेही विजेतेपद मिळवून दिलं!

हे उदाहरण मी का दिलं? कारण शिस्त ही दुधारी गोष्ट आहे. ती संघ घडवते, आणि तीच माणसं तोडूही शकते. वॉरलच्या बाबतीत दोन्ही झालं. मग प्रश्न असा येतो की कडक माणसाचं कडकपण लोक कधी सहन करतात, आणि कधी करत नाहीत? हा प्रश्न मनात ठेवून आता आपण परत आपल्या मैदानावर येऊ.

रुळांच्या अलीकडे, रुळांच्या पलीकडे

दादर युनियन स्पोर्टिंग क्लब. नाव दादरचं, पण मैदान माटुंग्याला. बाहेरच्या माणसाला याचं नवल वाटतं, आपल्याला वाटत नाही, कारण दादर कुठे संपतं आणि माटुंगा कुठे सुरू होतं यावर इथे अजूनही वाद होऊ शकतो.

पण इथे मैदानं आली कुठून, हे एकदा समजून घ्या. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. दाटीवाटीच्या वस्तीत माणसं पटापट मेली. त्यानंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि शहराच्या उत्तरेला मोकळी, आखीव वस्ती करायचं ठरलं. दादर, माटुंगा, वडाळा, शीव. रुंद रस्ते, झाडं, फाईव्ह गार्डन्स, मर्यादित उंचीची घरं, आणि मध्ये मध्ये मोकळी जागा. मग कॉलेजं आली : १९३७ मध्ये रुइया आणि खालसा, १९४१ मध्ये पोदार. हिंदू कॉलनीत आणि आसपास नोकरदार मध्यमवर्ग राहायला आला. म्हणजे बघा, चालत जाता येईल असं मैदान, रविवारी सुट्टी असणारे वडील, आणि शाळा-कॉलेजात जाणारी मुलं, या तीनही गोष्टी एकाच ठिकाणी जमल्या. क्लब क्रिकेट रुजायला आणखी काय पाहिजे? मंत्री याच हिंदू कॉलनीचे रहिवासी.

रुळांच्या पलीकडे, टिळक पूल ओलांडला की शिवाजी पार्क. तिथे शिवाजी पार्क जिमखाना. दादर युनियन विरुद्ध शिवाजी पार्क हा सामना म्हणजे दोन्हीकडच्या घरांत आठवडाभर आधीपासून चर्चेचा विषय. क्लबचा सामना, तिकीट नाही, बक्षीस म्हणावं तर काही नाही, आणि तरी मैदानाभोवती माणसांचं कडं.

आणि या सगळ्याचा कळस म्हणजे कांगा लीग. डॉक्टर होरमसजी कांगा यांच्या नावाची ही स्पर्धा १९४८ पासून सुरू झाली, आणि ती खेळायची कधी? पावसाळ्यात! परक्या माणसाला सांगितलं तर तो हसतो. पण यात केवढं शिक्षण आहे बघा. खेळपट्टी ओली. चेंडू कधी थांबून येतो, कधी छातीवर उसळतो. मैदानावर गवत वाढलेलं, त्यामुळे जमिनीलगत मारलेला फटका दहा पावलांवर अडतो. अशा वेळी फलंदाजानं काय करायचं? चेंडू शेवटपर्यंत बघायचा, हात सैल ठेवायचे, उशिरा खेळायचं. आणि धावा हव्या असतील तर धीर करून हवेतून मारायचं, तेही योग्य चेंडू निवडून. हे कुणी फळ्यावर लिहून शिकवत नव्हतं. चिखलच शिकवायचा.

यष्टीमागून दिसणारी शाळा

अशा क्लबमध्ये माधव मंत्री कर्णधार होते. आणि ते यष्टिरक्षक होते, हे विसरू नका. यष्टिरक्षक हा मैदानावरचा एकच असा माणूस असतो जो प्रत्येक चेंडू समोरून बघतो. गोलंदाजाचं मनगट कसं वळलं, फलंदाजाचा पाय कुठे पडला, कव्हरमधला पोरगा चेंडू पडायच्या आधी सरकला की नंतर, सगळं त्याला दिसतं. शिकवणाऱ्या माणसाला यापेक्षा चांगली जागा नाही. बाहेर खुर्चीत बसून सांगणं वेगळं, आणि पाच फुटांवरून सांगणं वेगळं.

दादर युनियनची ख्याती कशासाठी होती, हे त्या क्लबचे जुने खेळाडू वारंवार सांगत आले आहेत. सामन्याला वेळेच्या बऱ्याच आधी हजर राहायचं. कपडे पांढरेशुभ्र, शर्ट खोचलेला, बूट पॉलिश केलेले. पंचांनी बोट वर केलं की मागे वळून न बघता चालू लागायचं, मग निर्णय कसाही असो. आणि उशीर झाला तर? तर संघात जागा नाही. नाव कितीही मोठं असलं तरी.

आता कुणी म्हणेल, बूट पॉलिश केल्यानं धावा होतात का? नाही होत. पण यामागचा विचार समजून घ्या. क्लबकडे पैसा नाही. पगारी प्रशिक्षक नाही. बहुतेक खेळाडू बँकेत, कचेरीत, कॉलेजात. आठवड्यातून एक दिवस भेटणार. अशा अकरा माणसांना एका दिवसात तुम्ही फलंदाजी शिकवू शकत नाही. पण एक गोष्ट शिकवू शकता : की इथे आलो म्हणजे आपण काहीतरी गंभीर काम करायला आलो आहोत. वेळ, कपडे, पंच, या तीन गोष्टींना एक पैसा लागत नाही आणि त्या प्रत्येकाच्या हातात असतात. ज्याच्याकडे फारशी प्रतिभा नाही त्यालाही त्या पाळता येतात. म्हणून क्लबमधला अकरावा खेळाडू आणि पहिला खेळाडू निदान या बाबतीत तरी एका पातळीवर येतात. गरीब क्लबला परवडणारं हे प्रशिक्षण आहे.

मुंबईच्या क्रिकेटला लोक 'खडूस' म्हणतात. बाहेरच्यांना वाटतं खडूस म्हणजे उद्धट, टोमणे मारणारा. मैदानावरच्या भाषेत खडूस म्हणजे जो आपली विकेट फुकट देत नाही, समोरच्याला एक धावही भेट देत नाही. तो खडूसपणा आणि पंचांपुढे मान तुकवणं, या दोन्ही गोष्टी एकाच माणसात नांदू शकतात. दादर युनियननं ते दाखवून दिलं.

मामा आणि भाचा

आता येतो त्या प्रसिद्ध नात्याकडे. मंत्रींच्या बहिणीचा, मीनलताईंचा मुलगा सुनील. जन्म १९४९ चा. राहायला ताडदेवला, चिखलवाडीत. मामाच्या घरी गेलं की कपाटात भारताच्या संघाचं बोधचिन्ह असलेला स्वेटर. लहान मुलाला तो अंगावर घालावासा वाटणारच. गावसकरनं 'सनी डेज' या आत्मचरित्रात हा प्रसंग लिहिला आहे. भाच्यानं मागितलं आणि मामांनी नकार दिला. हे रंग असे मागून मिळत नाहीत, घाम गाळून मिळवावे लागतात, अशा अर्थाचं उत्तर.

ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे आणि ऐकून ऐकून ती जरा गुळगुळीत झाली आहे. म्हणून मी तिच्यापुढचा भाग सांगतो, जो सहसा कुणी सोबत सांगत नाही.

गावसकर मुंबईकडून पहिल्यांदा रणजी सामना खेळला तो म्हैसूरविरुद्ध. शून्यावर बाद झाला. आणि लगेच कुजबूज सुरू झाली की हा संघात आला तो मामामुळे, कारण माधव मंत्री मुंबईच्या निवड समितीवर आहेत. आता जरा विचार करा. ज्या माणसानं भाच्याला स्वेटरसुद्धा घालू दिला नाही, त्याच्यावर भाच्याला संघात घातल्याचा आरोप! आणि आरोप करणाऱ्यांचंही मी पूर्ण चुकीचं म्हणणार नाही. निवड समितीवर मामा आणि संघात भाचा, हे चित्र कुणाच्याही मनात शंका आणणारं आहे. आजही अशी शंका आपण घेतो, आणि घेतलीच पाहिजे.

मग उत्तर काय? खुलासा करून भागत नाही. पत्रक काढून भागत नाही. पुढच्या सामन्यात राजस्थानविरुद्ध गावसकरनं ११४ धावा केल्या, मग आणखी शतकं केली, आणि १९७१ मध्ये वेस्ट इंडीजला जाऊन चार कसोटींत ७७४ धावा. कुजबूज संपली. पण माझ्या मते मंत्रींचं उत्तर त्याच्या बरंच आधी देऊन झालं होतं. नातेवाईक जवळ असताना न्यायानं वागायचं असेल तर नियम आधी ठरलेला असावा लागतो, आणि तो नातेवाईकाला सगळ्यांत आधी लागू झालेला असावा लागतो. स्वेटर न देणं म्हणजे तेच होतं. क्लबमध्ये वेळेचा नियम सगळ्यांना सारखा, हेही तेच.

मघाशी मी प्रश्न विचारला होता : कडक माणसाचं कडकपण लोक कधी सहन करतात? त्याचं उत्तर इथे मिळतं. तो कडकपणा घरापासून सुरू होत असेल तर. आणि तो माणूस स्वतःही त्याच नियमात राहात असेल तर. मंत्री पांढऱ्या कपड्यात, त्याच चिखलात, त्याच पोरांबरोबर खेळत होते. शिट्टी घेऊन बाहेर उभे नव्हते.

एका क्लबची दोन टोकं

दादर युनियनमधून कोण कोण आलं? गावसकर. रामनाथ पारकर, जो १९७२ मध्ये दिल्लीच्या कसोटीत गावसकरबरोबर सलामीला गेला. आणि दिलीप वेंगसरकर, हिंदू कॉलनीतला, किंग जॉर्ज शाळेचा, पोदार कॉलेजचा मुलगा.

एक सामना सांगतो. १९७८-७९ चा मोसम, कोलकात्याचं ईडन गार्डन्स, वेस्ट इंडीजविरुद्ध. गावसकर कर्णधार. दुसऱ्या डावात दुसऱ्या गड्यासाठी गावसकर नाबाद १८२, वेंगसरकर नाबाद १५७. दोघांमध्ये ३४४ धावांची अभंग भागीदारी. म्हणजे भारताच्या डावात दोन्ही टोकांना दादर युनियनची माणसं उभी होती! माटुंग्याच्या मैदानावर रविवारी खेळणारे दोघं. पुढे दोघंही भारताचे कर्णधार झाले. गावसकरच्या १२५ कसोटी, वेंगसरकरच्या ११६. मामांच्या चार.

इथे आणखी एका माणसाचं नाव घेतलंच पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. वासू परांजपे. दादर युनियनचे कर्णधार, आणि स्वभावानं मंत्रींच्या अगदी उलट. गप्पिष्ट, मिश्कील, माणसाला शब्दांनी फुलवणारे. गावसकरला 'सनी' हे नाव दिलं ते वासूंनी. प्रथम श्रेणीचे २९ सामने, धावा ७८५. कसोटी एकही नाही. पण पुढे कित्येक पिढ्यांतले खेळाडू सल्ला विचारायला त्यांच्याकडे जात. २०२१ मध्ये ते गेले तेव्हा श्रद्धांजली वाहणाऱ्यांची यादी बघितली असेल तुम्ही.

मला यातून असं दिसतं : मंत्रींनी चौकट दिली, वासूंनी त्या चौकटीत हवा खेळती ठेवली. नुसती चौकट असती तर जॅक वॉरलसारखं झालं असतं, कधीतरी पोरांनी बंड केलं असतं. नुसत्या गप्पा असत्या तर क्लब म्हणजे कट्टा झाला असता. एकाच क्लबला दोन्ही मिळाली, हे त्या क्लबचं भाग्य.

नंतरची वर्षं

मैदान सुटल्यावर मंत्री प्रशासनात गेले. मुंबई क्रिकेट असोसिएशनचे अध्यक्ष झाले, भारतीय क्रिकेट मंडळाचे खजिनदार झाले. १९९० मध्ये भारतीय संघ इंग्लंडला गेला तेव्हा ते व्यवस्थापक म्हणून बरोबर होते. याच दौऱ्यात ओल्ड ट्रॅफर्डवर सतरा वर्षांच्या सचिन तेंडुलकरनं नाबाद ११९ धावा करून सामना वाचवला, त्याचं पहिलं कसोटी शतक. ज्या इंग्लंडमध्ये १९५२ साली मंत्री 'शून्यावर चार'च्या फलकावर होते, तिथेच अडतीस वर्षांनी दादरच्याच शाळेतला एक मुलगा सामना वाचवत होता आणि हे त्या संघाबरोबर होते.

२३ मे २०१४ रोजी, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी त्यांचं निधन झालं. त्या वेळी ते भारताचे सर्वांत वयोवृद्ध कसोटीपटू होते.

आज याचा काय उपयोग?

शेवटचा मुद्दा, मग प्रश्नोत्तरं. आज मुलांना क्रिकेटला घालायचं म्हणजे फी, किट, खाजगी नेट, व्हिडिओ. हे सगळं वाईट आहे असं मी म्हणणार नाही. तंत्र आज जास्त चांगलं शिकवलं जातं. पण एक गोष्ट बदलली. पूर्वी पंधरा वर्षांचा मुलगा क्लबच्या सामन्यात उतरला की दुसऱ्या टोकाला तीस-पस्तिशीचा माणूस असायचा, कधी कधी कसोटी खेळलेला. तो षटक संपल्यावर येऊन दोन वाक्यं बोलायचा. आता मोठे खेळाडू वर्षभर आंतरराष्ट्रीय सामने आणि लीगमध्ये बांधलेले असतात, क्लबकडे येणार कधी? मुलगा आपल्याच वयाच्या मुलांबरोबर खेळतो. शिकवणारा सीमारेषेबाहेर असतो, आणि पालक त्याला पैसे देत असतात, त्यामुळे "उशीर झाला, आज खेळू नकोस" हे वाक्य बोलणं त्याला जड जातं. गिऱ्हाईकाला नकार देणं अवघड, भाच्याला नकार देणं त्याहून अवघड. मंत्रींनी अवघड गोष्ट केली होती.

ज्यांच्याकडे मैदान आहे, क्लब आहे, सोसायटीचा संघ जरी आहे, त्यांनी निदान एवढं करून बघावं : आठवड्यातून एका सामन्यात मोठ्यांनी आणि मुलांनी एका संघातून खेळायचं, आणि वेळेचा नियम सेक्रेटरीच्या मुलाला सगळ्यांत आधी लावायचा. खर्च काही नाही.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न : मंत्रींना आणखी कसोटी मिळायला हव्या होत्या का?*

यष्टिरक्षक म्हणून थोड्या जास्त मिळायला हरकत नव्हती, कारण कुणालाच सलग संधी दिली जात नव्हती. पण फलंदाज म्हणून चार सामन्यांत त्यांनी दावा सांगावा अशी कामगिरी झाली नाही, हेही खरं. ताम्हाणे चांगले यष्टिरक्षक होते. मला त्यात अन्याय दिसत नाही.

*प्रश्न : इतकी शिस्त असेल तर खेळातली मजा जात नाही का?*

जाऊ शकते. वॉरलच्या खेळाडूंना तसंच वाटलं. पण दादर युनियनची माणसं वयाच्या सत्तरीतही त्या क्लबबद्दल बोलताना खुलतात, हे आपण वाचतो, ऐकतो. शिस्त वेळेची आणि वागण्याची होती. फटका कुठला मारायचा हे स्वातंत्र्य खेळाडूचं होतं. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या की मजा जात नाही.

*प्रश्न : मग त्यांना प्रशिक्षक म्हणायचं की कर्णधार?*

त्या काळी हा फरक नव्हताच, म्हणून तर आज बोलायला उभा राहिलो. तुम्ही कर्णधार म्हणा. शिकलेली माणसं त्यांना काय म्हणत होती, हे जास्त महत्त्वाचं.